‘डिलॅपिडेटेड’ला मराठीत नेमकं काय म्हणावं?

सातवी खोली:

आमची चाळ गिरगावात आहे. तीन मजली, १९४० च्या आधीची, म्हणजे म्हाडाच्या भाषेत ‘अ’ वर्गातली उपकरप्राप्त इमारत, जिच्या दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशी. विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, लाकडी जिना, समोर लांब गॅलरी. गेल्या महिन्यात तपासणी झाली आणि आठवड्यापूर्वी कागद हातात आला. इंग्रजी प्रतीत लिहिलंय की इमारत ‘डिलॅपिडेटेड कंडिशन’मध्ये आहे. मराठी प्रतीत त्याच जागी ‘जीर्ण व मोडकळीस आलेली’ असं आहे.

बाबा ७८ वर्षांचे. जन्म याच खोलीतला. मराठी प्रत त्यांनी दोनदा वाचली, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “जीर्ण? गॅलरीचे खांब आपण सगळ्यांनी वर्गणी काढून बदलले. वाळवीचं औषध दर पावसाळ्याआधी मारतो. नळाचा पाइप पदरच्या पैशाने घातला. जुनी म्हणा की, कोण नको म्हणतंय? आणि मोडकळीस ‘आली’ म्हणजे काय? कुठून आली? चालत आली?”

मला उत्तर देता आलं नाही. रहिवाशांच्या वतीने पत्र मला लिहायचंय आणि ते मराठीतून लिहायचं असं ठरलंय. त्याआधी हा शब्द नीट समजून घ्यायचा आहे. मूळ इंग्रजी शब्दात काय काय आहे? ‘जीर्ण’, ‘मोडकळीस आलेली’, ‘पडकी’, ‘धोकादायक’ यांतला कुठला त्याच्या जवळचा? तुमच्यातल्या भाषेच्या आणि बांधकामाच्या दोन्ही जाणकारांनी लिहा, ही विनंती.

शब्दवेडी:

आधी उच्चार. आपल्याकडे बरेच जण ‘डायलॅपिडेटेड’ म्हणतात. बरोबर उच्चार ‘डिलॅपिडेटेड’, जोर ‘लॅ’वर. स्पेलिंगमध्ये सुरुवातीला ‘डी’नंतर ‘आय’ आहे, ‘ई’ नाही. ही चूक सरकारी कागदांतही सर्रास दिसते.

व्युत्पत्ती लॅटिन. ‘लापिस’ म्हणजे दगड. लॅपिस लाझुली हा निळा दगड आपल्याला माहीत आहे, त्यातला ‘लॅपिस’ तोच. ‘डिस्’ म्हणजे वेगवेगळं, इकडेतिकडे. त्यामुळे बहुतेक ठिकाणी सांगतात की ‘डिलॅपिडेटेड’ म्हणजे ज्याचे दगड सुटून विखुरलेत ते. चित्र सुंदर आहे, पण लॅटिनमध्ये ‘दिलापिदारे’ या क्रियापदाचा मुख्य वापर पडक्या घरासाठी नव्हताच. तो होता पैशासाठी. हाताला येतील तसे दगड भिरकावून द्यावेत तशी संपत्ती भिरकावून देणं. फ्रेंच, इटालियन, स्पॅनिश या भाषांत आजही त्या क्रियापदाचा अर्थ वडिलोपार्जित पैसा उडवणं असाच आहे. इमारतीच्या दुरवस्थेचा अर्थ इंग्रजीत पुढे आला आणि तिथे तोच राहिला.

मराठीत याला किती नेमकं जोडीदार क्रियापद आहे बघा: उधळणे. गुलाल उधळतात, अक्षता उधळतात आणि पैसाही उधळतात. विखुरणं आणि नासणं, दोन्ही एकाच शब्दात. लॅटिन माणसाला ‘उधळणे’ समजावून सांगायला वेळ लागला नसता.

आता विशेषण. रूपाने ते कर्मणी भूतकाळी धातुसाधित आहे, म्हणजे ज्याच्यावर काहीतरी घडलंय, घडू दिलं गेलंय असं. इंग्रजी वाचक तो शब्द ऐकतो तेव्हा त्याच्या मनात दोन गोष्टी येतात. वस्तू जुनी आहे आणि तिच्याकडे कोणी लक्ष दिलेलं नाही. दुसरी नसेल तर शब्द बसत नाही. तीनशे वर्षांचं पण दरवर्षी डागडुजी होणारं देऊळ ‘डिलॅपिडेटेड’ नसतं. वीस वर्षांची पण बांधल्यापासून कोणी हात न लावलेली सरकारी वसाहत असू शकते.

तुमच्या बाबांना जे खटकलं ते अगदी बरोबर जागी खटकलंय.

बलकांव:

गोव्यातून. शब्दवेडींच्या मुद्द्याला जोड देतो. पोर्तुगीजमध्येही ‘दिलापिदार’ म्हणजे मालमत्तेची नासाडी करणं, पैसा उडवणं. आमच्या घरात जुन्या कागदपत्रांची भाषा जाणणारी आजी होती, तिच्या तोंडी हा शब्द कायम एखाद्या माणसाबद्दल यायचा, घराबद्दल नाही. अमक्याने बापाचं सगळं ‘दिलापिदार’ केलं, असं.

पण गोव्यात हे दोन अर्थ एकाच जागी भेटतात. इथे १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेपासून मुलांना, मुलींनाही, वारशात वाटा आहे. कायदा म्हणून मला तो न्याय्यच वाटतो. पण पुढे तीन-चार पिढ्यांनंतर एका घराला तीस-चाळीस वारस होतात, निम्मे मुंबई, लिस्बन, टोरंटोला. कौलं कोणी बदलायची यावर सह्या होत नाहीत. दाराला कुलूप. मग छप्पर जातं आणि चिऱ्याच्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात, आत फणसाचं झाड. तिथे कोणी पैसा उधळलेला नसतो. उलट खर्चायला कोणी तयार नसतो. तरी घर जातंच.

कडीपाट:

धागा आवडला. सातव्या खोलीतल्यांनी विचारलेल्या चार शब्दांपुरतं लिहिते. मी पुण्यात वाड्यात वाढले, त्यामुळे हे सगळे शब्द लहानपणापासून कानावर आहेत.

‘पडका’ म्हणजे ज्याचा काही भाग आधीच पडून गेलाय. पडक्या वाड्यात सहसा कोणी राहत नाही. मुलं तिथे लपाछपी खेळायला जातात आणि आयांच्या शिव्या खातात. ‘पडीक’ मुख्यतः जमिनीला, कसायची सोडून दिलेली. घराला कोणी म्हणालं तर त्यात वापर थांबल्याचा अर्थ जास्त, मोडल्याचा कमी. ‘खिळखिळा’ म्हणजे सांधे सुटलेला: खाट, खुर्ची, जिना, बैलगाडी, आणि म्हातारपणी माणूससुद्धा. ‘ढासळलेला’ मुख्यतः भिंत, बुरूज, दरड यांना. ‘भग्न’ मूर्तीला आणि मनाला. ‘जर्जर’ शरीराला. रोगाने जर्जर, वयाने जर्जर.

‘धोकादायक’ तर अवस्था सांगतच नाही, परिणाम सांगतो. नवी कोरी इमारतही धोकादायक असू शकते.

‘मोडकळीस आलेला’ एवढाच शब्द असा आहे की ज्यात वस्तू अजून उभी आहे, माणसं अजून आत आहेत, पण आता फार दिवस काढणार नाही, हे तिन्ही येतं. इंग्रजी शब्दाच्या सर्वांत जवळ तोच. ‘जीर्ण’ मी काढून टाकला असता.

सातवी खोली:

कडीपाट ताई, ‘जीर्ण’ का काढायचा ते जरा सांगाल? बाबांचा राग त्याच शब्दावर जास्त आहे.

कडीपाट:

कारण ‘जीर्ण’ वयाचा आणि वापराचा शब्द आहे. गीतेत माणूस जीर्ण वस्त्रं टाकून नवी घेतो तसा आत्मा, असं म्हटलंय. तिथे वस्त्राकडे दुर्लक्ष झालं असा अर्थच नाही. वापरून वापरून विरलं. नैसर्गिक आहे, कोणाचा दोष नाही. चाळीला जीर्ण म्हटलं की लिहिणारा म्हणतोय, वय झालं बिचारीचं, करणार काय.

शब्दवेडी:

यात थोडी भर. ‘जीर्ण’ आणि ‘जरा’, म्हणजे म्हातारपण, एकाच संस्कृत धातूपासून. ‘जर्जर’ही त्याच घरातला. आणि त्याच धातूपासून ‘जिरणे’. अन्न जिरतं ते जीर्ण, न जिरलं की अजीर्ण. वैद्य ‘जीर्णज्वर’ म्हणतात तो अंगात मुरलेला ताप. म्हणजे या शब्दाच्या पोटात काळ आहे. काळाने खाल्लेलं, काळात मुरलेलं. दुरुस्तीचा संबंध नाही.

म्हणून ‘जीर्णोद्धार’ हा शब्दही देवळाला शोभतो. अहिल्याबाई होळकरांनी अठराव्या शतकात घृष्णेश्वरासारख्या कितीतरी ठिकाणी जे केलं ते. तिथे आधीच्या पिढीला कोणी जाब विचारत नाही. जीर्ण झालेलं पुन्हा उभं करणं हे पुण्यकर्म, त्यात वादी-प्रतिवादी नाहीत. तुमच्या पत्रात मात्र वादी-प्रतिवादी आहेत.

टेम्सकाठी:

मी लंडनमध्ये इमारतींच्या मोजणी-पाहणीचं काम करतो. माझ्या रोजच्या कामात हा शब्द वेगळ्याच रूपात येतो, तो इथे सांगायलाच हवा. नाम, अनेकवचनी: ‘डिलॅपिडेशन्स’. बोलताना नुसतं ‘डिलॅप्स’.

इंग्लंडमध्ये दुकान किंवा ऑफिस भाड्याने घेताना भाडेकरू करारात लिहून देतो की जागा चांगल्या दुरुस्त अवस्थेत ठेवीन आणि तशीच परत करीन. मुदत संपताना मालकाचा माणूस येतो, खोलीन् खोली फिरतो आणि यादी करतो. इथलं छताचं पॅनेल फुटलंय, तिथे कार्पेट फाटलंय, गटार तुंबलंय, खिडकीचं लाकूड कुजलंय. प्रत्येक ओळीसमोर कराराचं कलम, करायची दुरुस्ती आणि रक्कम. या यादीचं नाव ‘शेड्यूल ऑफ डिलॅपिडेशन्स’. म्हणजे कायद्याच्या भाषेत ‘डिलॅपिडेशन’ हे वर्णन नाही, तो हिशेब आहे. ज्याने दुरुस्त ठेवायचं कबूल केलं होतं आणि ठेवलं नाही, त्याच्याकडून येणं.

हे जुनं आहे. चर्चच्या पाद्र्याला राहायला घर मिळायचं. ते नीट राखणं त्याची जबाबदारी. तो बदलून गेला किंवा वारला की नवा येणारा पाद्री घराची पाहणी करायचा आणि गळकं छप्पर, कुजलेल्या तुळया यांचा खर्च आधीच्याकडून, तो हयात नसेल तर त्याच्या इस्टेटीतून, मागायचा. यासाठी १८७१ साली इंग्लंडमध्ये खास कायदाही झाला आणि त्याच्या नावातच ‘डिलॅपिडेशन्स’ आहे. शब्दवेडींनी सांगितलेला ‘संपत्ती उधळणे’ हा अर्थ इथे कसा घरावर येऊन बसला ते दिसतं. घर त्याचं नव्हतं, त्याच्या हवाली होतं. न राखणं म्हणजेच उधळणं.

आणखी एक, तुमच्या कामाचं नसेल पण मला नेहमी अस्वस्थ करतं. इथल्या १९२७ च्या मालक-भाडेकरू कायद्याच्या कलम १८ प्रमाणे, मुदत संपल्यावर इमारत पाडलीच जाणार असेल आणि त्यामुळे त्या दुरुस्त्यांना अर्थच उरणार नसेल, तर मालकाला दुरुस्तीपोटी भरपाई मिळत नाही. इमारत गेली की हिशेबही गेला.

खड्डे आणि खडी:

छान माहिती. इंग्रजीत हा शब्द माणसाला लावतात का? आमच्या ऑफिसात एक साहेब स्वतःच्या गुडघ्यांना ‘डिलॅपिडेटेड’ म्हणतात.

शब्दवेडी:

थट्टेत लावतात, एरवी नाही. माणसासाठी आणि वस्तूसाठी दोन्हीकडे चालणारा शब्द ‘डिक्रेपिट’. त्याच्या मुळाशी करकरणं, कडकडणं आहे.

या कुळातले बाकीचे शब्दही थोडक्यात बघू. ‘रॅमशॅकल’ म्हणजे कसंतरी जोडलेलं, मुळात बांधणीच ढिसाळ. म्हणून पत्र्याच्या टपरीला तो लागतो, दगडी वाड्याला नाही. ‘डेरिलिक्ट’मध्ये सोडून देणं आहे. मालकच निघून गेलाय, म्हणूनच वाऱ्यावर सोडलेल्या जहाजालाही लागतो. ‘रिकेटी’ म्हणजे डुगडुगणारं. तो ‘रिकेट्स’वरून आला, म्हणजे आपला मुडदूस. हाडं मऊ पडून पाय वाकलेल्या मुलासारखं टेबल. ‘रन-डाउन’ सौम्य, सगळ्या वस्तीलाही चालतो. ‘रुइन’ मात्र पडून गेल्यानंतरचा.

कडीपाट:

‘रुइन’वरून आठवलं. रायगडाच्या राजवाड्याला कोणी ‘डिलॅपिडेटेड’ म्हणू नये. १८१८ साली इंग्रजांच्या तोफांनी तो जळाला. शनिवारवाडा १८२८ च्या आगीत गेला. हे भग्नावशेष. दुर्लक्षाने नव्हे, घटनेने झालेले. याउलट मुंबईतलं काळाघोड्याजवळचं एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन्स हॉटेल. १८६० च्या दशकातलं, बिडाचा सांगाडा इंग्लंडहून आणून उभारलेलं. ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं भारतात पहिल्यांदा तिथे दाखवली गेली. त्याचे छोटे छोटे गाळे पडले, ऑफिसं थाटली गेली. २००५ साली बाल्कनीचा भाग कोसळला, २०१९ साली ती रिकामी करावी लागली. कोणी तोफ डागली नाही. त्या इमारतीबद्दल इंग्रजी बातमीत हा शब्द येतो तेव्हा तो शंभर टक्के बरोबर असतो, आणि मला दर वेळी वाईट वाटतं.

जांभा चिरा:

कोकणातून लिहितोय. शब्दाचं मला फारसं कळत नाही, पण घर मोडकळीस कसं येतं ते डोळ्यांनी पाहिलंय, आमच्या शेजारच्याच घराचं.

सुरुवात एका कौलाने होते. माकड उडी मारतं, कौल सरकतं. पूर्वी दरवर्षी मे महिन्यात शाकारणी व्हायची. माणूस वर चढून सगळी कौलं उलगडायचा, फुटकी बदलायचा, कचरा झाडायचा. घरात माणसं असली की हे आपोआप होतं, कारण गळायला लागलं की खाली भांडं ठेवणाऱ्याची झोप मोडते. घर बंद असलं की झोप कोणाची मोडणार? मग पहिल्या पावसात रीप भिजते. दुसऱ्या पावसात वासा. वाशाला वाळवी. तिसऱ्या-चौथ्या वर्षी एक वासा मोडतो आणि आठ-दहा हात कौलं एकदम खाली येतात. आता भिंतीचा माथा उघडा. चिरा पावसाला घाबरत नाही, पण चिऱ्यांमधली माती वाहून जाते. भिंत फुगते. मग एका रात्री आवाज येतो.

कौल सरकल्यापासून भिंत पडेपर्यंत आमच्या शेजारी नऊ पावसाळे लागले. पहिल्या वर्षी एका दिवसाची मजुरी लागली असती. शेजारचे काका मुंबईला होते, दर गणपतीत येऊन ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणायचे. चांगला माणूस. त्यांना आजही त्या घराबद्दल बोलताना रडू येतं.

तेव्हा बाबांना सांगा, इमारत मोडकळीस चालत येत नाही, पण एका वर्षात एक पाऊल मात्र टाकते.

सळई:

स्ट्रक्चरल इंजिनियर आहे, मुंबईतच. अशा इमारतींच्या तपासण्या करतो. थोडं स्पष्टच लिहितो.

‘डिलॅपिडेटेड’ हा शब्द आमच्या कोणत्याही चाचणीतून निघत नाही. काँक्रीटवर रिबाउंड हॅमर मारला की आकडा मिळतो, ध्वनिलहरी पाठवल्या की वेग मिळतो, गाभा काढून दाबला की ताकद मिळते. लाकडी तुळईत पोकळी आहे का ते ठोकून, टोचून कळतं. यातून वर्ग ठरतो. महापालिकेच्या वर्गवारीत सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ए म्हणजे पूर्ण किंवा काही भाग रिकामा करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक आत असताना संरचनेची दुरुस्ती. सी-३ किरकोळ. आणि ज्या कलम ३५४ खाली पालिका नोटीस देते, त्या १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यात पडायला आलेल्या, धोकादायक बांधकामाची भाषा आहे.

म्हणून पहिला सल्ला: पत्रात विशेषणावर भांडू नका, आधी वर्ग विचारा. अहवालाची पूर्ण प्रत, चाचण्यांचे आकडे, कुठल्या खांबात काय सापडलं, हे मागा. ‘डिलॅपिडेटेड’ म्हणजे सी-१ असं लोक गृहीत धरतात. तसं नाही. सी-२बी इमारतही या शब्दात बसते, आणि तिची दुरुस्ती होऊ शकते.

दुसरं, थोडं कडू आहे. सातवी खोली, तुमच्या बाबांचा जीव त्या चाळीत आहे हे कळतं. पण रंग, पाइप, वाळवीचं औषध यांनी रूप टिकतं, भार पेलणारी ताकद टिकतेच असं नाही. तुळईचं भिंतीत घुसलेलं टोक कोणालाच दिसत नाही, आणि सगळ्यात आधी तेच कुजतं, कारण भिंतीची ओल तिथे कोंडते. शेजारी मोरी असेल तर नक्कीच. मी अशा खोल्या पाहिल्यात की आत लखलखीत संसार आणि तुळईचं टोक चमच्याने खरवडता येईल असं. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली, ३३ माणसं गेली. १६ जुलै २०१९ ला डोंगरीत. अशा दिवसानंतर आम्ही लोक काही रात्री झोपत नाही. आपण सही केलेला एखादा कागद आठवत राहतो.

शब्द कोणताही असो, अहवाल येईपर्यंत गॅलरीत गर्दी होऊ देऊ नका. गणपतीच्या आरतीलाही.

मालकाची नात:

हा धागा दोन दिवस वाचतेय. लिहू की नको असं चाललं होतं, कारण या चर्चेत माझी बाजू कोणाला आवडणार नाही.

माझ्या आजोबांची लालबागकडे एक चाळ होती. त्यांच्या वडिलांनी बांधलेली, १९३० च्या दशकात. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधली गेली. त्या काळात ते बरोबरच होतं, फाळणीनंतर शहरात माणसांचा लोंढा होता, मालक मनाला येईल ते मागत होते. पण ते बांधलेलं भाडं तसंच राहिलं. आजोबा गेले तेव्हा एका खोलीचं महिन्याचं भाडं ३२ रुपये होतं. खोल्या ४८. महिन्याचे दीड हजार रुपये, त्यातून कर, उपकर, झाडूवाला, पंपाचं बिल. एका तुळईला सागवान किती लागतं ते कडीपाट सांगतील. १९९९ च्या नव्या कायद्यात वर्षाला ४ टक्के वाढ करता येते. ३२ रुपयांचे ४ टक्के किती होतात ते तुम्हीच काढा.

त्याच कायद्यात मालकाने जागा राहण्यायोग्य दुरुस्त ठेवली पाहिजे असंही आहे आणि त्याने नोटीस देऊनही केलं नाही तर भाडेकरूने दुरुस्ती करून भाड्यातून कापावी अशीही सोय आहे. पण ३२ रुपयांतून कापणार काय?

त्यावरचा उपाय म्हणून १९६९ चा कायदा आला: उपकर घ्यायचा आणि त्यातून सरकारी दुरुस्ती मंडळाने दुरुस्त्या करायच्या. सुरुवातीला अशा इमारती १९,६४२ होत्या, त्यातल्या १६,५०२ एकट्या ‘अ’ वर्गातल्या. म्हणजे दुरुस्तीची जबाबदारी मालक, मंडळ आणि भाडेकरू अशा तिघांत वाटली गेली. आजोबा दरवर्षी पावसाळ्याआधी जाऊन टेकू बघून यायचे. शेवटी शेवटी चाळीतली मुलं त्यांना ‘टेकूवाले आजोबा’ म्हणायची.

टेम्सकाठींची यादी वाचली. आमच्या चाळीसाठी अशी यादी केली असती तर प्रत्येक ओळीसमोर कोणाचं नाव लिहिलं असतं, हे मी प्रामाणिकपणे विचारतेय.

सातवी खोली:

मालकाची नात, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, आमच्या चाळीचे जुने मालकही दर दसऱ्याला यायचे, प्रत्येक खोलीत सोनं द्यायचे. ते गेल्यावर मुलांनी चाळ विकली. नव्या मालकाला आम्ही कधी पाहिलेलं नाही.

सळई सर, तुमचा सल्ला मानला. गॅलरीत दोरी बांधून एका वेळी चारच माणसं असं केलंय. पहिल्या मजल्यावरच्या मोरीशेजारची तुळई उद्या उघडून बघणार आहोत.

शब्दाचा प्रश्न मात्र राहिलाच. ‘जीर्ण’ गेला. ‘मोडकळीस आलेली’ ठेवायचा तर तो ‘आलेली’ बाबांना सलतोय.

शब्दवेडी:

हा प्रश्न डोक्यात घेऊन झोपले आणि सकाळी उत्तर सापडलं. आपल्याकडे या घाटाचे किती वाक्प्रचार आहेत बघा: मेटाकुटीस येणे, जेरीस येणे, रडकुंडीस येणे, घायकुतीस येणे, डबघाईस येणे. सगळ्यांत सोसणारा कर्ता आहे. सोसायला लावणारा दिसत नाही. धंदा डबघाईस आला, म्हटलं की धंद्याचंच काहीतरी चुकलं असं वाटतं.

पण यातल्या बहुतेकांना जोडीचं रूप आहे: जेरीस आणणे, मेटाकुटीस आणणे, रडकुंडीस आणणे. शत्रूला जेरीस आणला. पोराने आईला रडकुंडीस आणलं. धंदा भावांनी डबघाईस आणला. ‘येणे’च्या जागी ‘आणणे’ आलं की वाक्य लगेच विचारतं, कोणी?

‘मोडकळीस आणणे’ कमी ऐकू येतं, पण मराठीच्या कानाला ते अजिबात परकं नाही. टेम्सकाठींच्या इंग्रजी कायद्यात जे अख्ख्या यादीने सांगावं लागतं ते इथे एका क्रियापदात येतं. लिहा: ‘मोडकळीस आणलेली इमारत’.

टेम्सकाठी:

वा. हे मी इथल्या सहकाऱ्यांना सांगणार आहे. त्यांच्या विशेषणात ही सोय नाही.

मालकाची नात:

शब्द योग्य आहे, मान्य. फक्त ‘आणणे’चा कर्ता लिहिताना जपा, एवढीच विनंती.

कडीपाट:

‘मोडकळीस आणली गेलेली’ असं मात्र लिहू नका. सरकारी मराठीची ती खोडच आहे. ‘गेलेली’ आलं की कर्ता पुन्हा पळाला.

सातवी खोली:

तुळई उघडली. सळई सर, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. भिंतीतलं वीतभर टोक काळं पडून भुसा झालंय. बाबांनी बोटाने खरवडलं, हात धुतले आणि बराच वेळ पलंगावर बसून राहिले. “दर वर्षी औषध मारत होतो, बाहेरून,” एवढंच म्हणाले. आता तिथे दोन लोखंडी टेकू आहेत आणि त्या दोन खोल्यांतली माणसं तिसऱ्या मजल्यावर पाहुणी म्हणून राहतायत.

पत्र काल रात्री बाबांनी आणि मी मिळून लिहिलं. आधी मी लिहिलं होतं, ‘संबंधितांनी मोडकळीस आणलेली इमारत’. बाबांनी ‘संबंधितांनी’वर काट मारली. म्हणाले, त्या मुलीचं म्हणणं खरं आहे, नाव घ्यायचं तर सगळ्यांचं घ्यावं लागेल, आपलंही. मग त्यांनी ट्रंकेतून अर्जांची फाइल काढली. १९९१ पासूनचे अर्ज आहेत, काही मालकाला, काही मंडळाला. काहींवर पोच आहे, काहींवर नाही. मधली सहा वर्षं आम्ही रहिवाशांनी एकही अर्ज केलेला नाही, तेही त्यातच दिसतं.

आता पत्राचा दुसरा परिच्छेद असा आहे: ‘सदर इमारत खालील तारखांच्या दरम्यान मोडकळीस आणण्यात सर्वांचा वाटा आहे.’ त्याखाली तारीख, अर्ज कोणाला, कशासाठी, उत्तर काय. एकूण २३ ओळी. सहा वर्षांची ओळ बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिली: ‘या काळात रहिवाशांकडून पाठपुरावा झाला नाही.’ तिसऱ्या परिच्छेदात सळई सरांनी सांगितल्याप्रमाणे वर्ग आणि चाचण्यांचे आकडे मागितलेत. चौथ्यात तुळईचा फोटो.

शब्दवेडी ताई, ‘आणण्यात सर्वांचा वाटा आहे’ हे व्याकरणाने बरोबर आहे ना? सकाळी साडेदहाला द्यायला जायचंय.

शब्दवेडी:

बरोबर आहे. ‘सदर’ तेवढं काढा, ‘आमची’ लिहा.